प्रेक्षकाची साक्ष

मित्रहो, समीक्षकांवर बोलायला पुष्कळ माणसं आहेत. मी आज बोलणार आहे ते दिवसभराचं काम आवरून सोफ्यावर टेकणाऱ्या प्रेक्षकाबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. आपली मतं ठरलेली असतात. ‘पाणी घातलंय.’ ‘शेवट गुंडाळला.’ ‘मध्यंतरापर्यंत बरा होता.’ ‘डोक्यावरून गेला.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ यातलं शेवटचं मला फार आवडतं, कारण ते म्हणणारा माणूस तो सिनेमा दुसऱ्यांदा कधीच बघणार नसतो.

या मतांना हसण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. आपला हा प्रेक्षक साक्षीदार म्हणून चांगला पक्का असतो. कुठे कंटाळा आला, कुठे पोटात गोळा आला, कुठे नकळत हात मोबाइलकडे गेला, हे तो बिनचूक सांगतो. घोळ होतो तो पुढे. असं का झालं, हे सांगायला लागला की तो बहुतेक वेळा भलत्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

एक उदाहरण घेऊ. नवा मोठा टीव्ही घेतलेला माणूस हमखास एक तक्रार करतो. ‘एवढा महागडा सिनेमा, पण दिसतोय एखाद्या रोजच्या मालिकेसारखा. सगळं खोटं वाटतंय, सेट लावल्यासारखं.’ मग तो दिग्दर्शकाला बोल लावतो, नाहीतर कॅमेऱ्यामागच्या माणसाला. त्याला जे दिसलं ते शंभर टक्के खरं आहे. सिनेमा साधारणपणे सेकंदाला 24 चित्रांच्या वेगानं दाखवला जातो आणि आपल्या डोळ्यांना त्या वेगाची, त्यातल्या किंचित धूसरपणाची सवय झालेली असते. आजकालचे बरेच टीव्ही मात्र दोन चित्रांच्या मधे स्वतःच्या मनानं आणखी चित्रं तयार करून घालतात. खेळाचे सामने बघताना याचा फायदा होतो, चेंडू स्पष्ट दिसतो. सिनेमात तीच करामत सगळं गुळगुळीत करून टाकते. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी या दोघांनी चक्क एक व्हिडिओ काढून लोकांना विनवलं की बाबांनो, टीव्हीतली ही सोय बंद करा आणि मग सिनेमा बघा. पुढे काही टीव्ही कंपन्यांनी त्यासाठी वेगळा ‘फिल्ममेकर मोड’ दिला. सांगायचा मुद्दा, तो सोफ्यावरचा माणूस मूर्ख नव्हता. चित्रात काहीतरी बिनसलंय हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं. फक्त गुन्हेगार पडद्यावर नव्हता, रिमोटच्या मेनूत लपला होता.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेच्या शेवटच्या हंगामात ‘द लाँग नाइट’ नावाचा भाग आला, एप्रिल 2019 मध्ये. 82 मिनिटांचा भाग, 55 रात्री चित्रीकरण केलेलं, एवढा मोठा युद्धाचा देखावा टीव्हीनं क्वचितच पाहिला असेल. आणि जगभरातून लोकांची तक्रार एकच: काही दिसत नाही हो! कॅमेऱ्याची बाजू सांभाळणाऱ्या फेबियन वॅगनर यांनी उत्तर दिलं ते असं, की लोकांना टीव्ही नीट जुळवता येत नाहीत. आता यात तथ्य आहेच. दिवे लावलेल्या खोलीत, चकचकीत पडद्यावर काळोख बघायला बसलं तर आपलंच प्रतिबिंब दिसणार. शिवाय इंटरनेटवरून चित्र पाठवताना ते दाबून लहान करावं लागतं आणि त्यात पहिला बळी जातो तो काळ्या रंगाच्या बारीक छटांचा. अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात. हे सगळं मान्य. तरीही मी इथे प्रेक्षकाच्या बाजूनं उभा राहीन. जो भाग लोक घरी बघणार हे पक्कं माहीत आहे, तो घरी कसा दिसेल याचा विचार कुणी करायचा? सोफ्यावरच्यानं?

आणि घरी बघणं म्हणजे काय, तेही जरा जवळून बघू या. तिघं बसलेत. एकाचं डोकं मोबाइलमध्ये. दहाव्या मिनिटाला तो मान वर करतो. ‘हा कोण?’ ‘अरे, तो नाही का, पहिल्या भागातला.’ ‘तो मेला ना?’ ‘तो ह्याचा भाऊ.’ ‘मग ही का रडतेय?’ तेवढ्यात तिसरा पाणी प्यायला उठतो, थांबवू नका म्हणतो, परत येऊन विचारतो, काय झालं. भाग संपल्यावर तिघांचं एकमत होतं: कथा उगाच गुंतागुंतीची केलीये. मी या तिघांना दोष देत नाही. मी यांच्यापैकीच एक आहे, बहुतेक वेळा पाणी प्यायला उठणारा.

‘पाणी घातलंय’ या आवडत्या तक्रारीकडे येतो. हिच्यात दम असतो. अमेरिकी मालिकांच्या धंद्यात ‘बॉटल एपिसोड’ असा प्रकार आहे. हंगामाच्या मध्यावर पैसे संपत आले की एक भाग असा लिहायचा, ज्यात नवं ठिकाण नाही, पाहुणे कलाकार नाहीत, एका उभ्या असलेल्या सेटवर दोन-चार नेहमीची माणसं बोलतील. ‘ब्रेकिंग बॅड’च्या तिसऱ्या हंगामात, 2010 साली, असा एक भाग आला. नाव ‘फ्लाय’, म्हणजे माशी. प्रयोगशाळेत एक माशी शिरते आणि मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइट तिला मारल्याशिवाय काम सुरू करू देत नाही. जवळजवळ पूर्ण भाग तेवढंच. पैसे वाचवायलाच तो तसा केला होता, हे मालिकेच्या कर्त्यांनी कधी लपवलं नाही. प्रेक्षकांचे तेव्हा दोन तट पडले आणि अजून ते तसेच आहेत. आठवडाभर वाट बघून टीव्हीसमोर बसायचं आणि माशी बघायची, हा राग मला समजू शकतो. पण ज्यानं पाच-सहा वर्षांनी रात्री जागून सगळे भाग एका दमात बघितले, त्याला तोच भाग श्वास घ्यायला मिळाल्यासारखा वाटला. वॉल्टरला झोप नाही, मनात एक कबुली अडकलीय, ती ओठांवर येते आणि परत जाते. हे त्या प्रेक्षकाला दिसलं. गंमत अशी की या भागाचा दिग्दर्शक रायन जॉन्सन. त्याच मालिकेतला 2013 चा ‘ओझिमँडियस’ हा भाग, जो लोकांनी टीव्हीवरचा आजवरचा सर्वोत्तम भाग म्हणून डोक्यावर घेतला, तोही त्याचाच. म्हणजे ‘या दिग्दर्शकाला मालिका कळलीच नाही’ हा 2010 मधला निकाल गेला बाराच्या भावात. ‘मला त्या रात्री कंटाळा आला’ ही साक्ष मात्र अजून उभी आहे. तिला कुणी खोडू शकत नाही.

अभिनयाबद्दल तर आपण फारच बेधडक बोलतो. ‘नुसत्या डोळ्यांनी काय काम केलंय!’ सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला, फारसा भाव नसलेला. तो एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीतल्या माणसाला, अशी जोडणी बदलत गेला. त्याचा सहकारी पुडोव्हकिन यानं लिहून ठेवलंय की लोक नटाच्या अभिनयावर खूश झाले: सूप बघताना किती विचारात हरवलेला दिसतो, मृत्यू बघताना किती खिन्न! चेहरा तोच होता. लोकांना ते विचार आणि ते दुःख जाणवलं हे खरंच, पण श्रेय गेलं नटाला आणि कात्री चालवणारा राहिला बाजूला. हसण्याचंही तसंच. चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं 1950 च्या दशकात एक पेटी बनवली, बटण दाबलं की हशा. ‘मॅश’ या युद्धातल्या इस्पितळावरच्या मालिकेतही असा हशा होता. कर्त्यांना तो नकोच होता, वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड झाली की निदान शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तरी कुणी हसणार नाही. ते प्रसंग अंगावर येतात त्यात लेखन-अभिनयाबरोबर या शांततेचाही वाटा आहे.

साक्षीदारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं तर काय होतं, याचा एक जुना किस्सा आहे. मार्च 1942. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ हा सिनेमा तयार होता. कॅलिफोर्नियातल्या पोमोना गावात, प्रदर्शनाआधी लोकांचं मत घ्यायला तो दाखवला, आणि तोही एका हलक्याफुलक्या संगीतमय सिनेमाला जोडून. गाणी-विनोद बघून सैलावलेल्या, बऱ्याचशा तरुण गर्दीपुढे एका कुटुंबाच्या ऱ्हासाची संथ, उदास कथा. लोक कंटाळले, नको तिथे हसले. मतपत्रिकांत शिव्या होत्या. काहींनी उत्तम म्हणूनही लिहिलं होतं, पण स्टुडिओनं घाबरायचं ठरवलंच होतं. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये. इकडे चाळीसहून अधिक मिनिटं कापली, शेवट नव्यानं चित्रित करून गोड केला, आणि काढलेला भाग नंतर नष्टही करून टाकला. आज मिळतो तो सिनेमा 88 मिनिटांचा. त्या रात्री पोमोनाच्या थिएटरातला मुलगा कंटाळला हे मी शंभरदा मान्य करीन. पण त्याला सिनेमा कापायचा नव्हता हो, त्याला बहुधा घरी जायचं होतं.

उलटंही घडतं. ‘फेटल अॅट्रॅक्शन’चा मूळ शेवट असाच आधी बघणाऱ्यांना रुचला नाही, नायिकेचं काम करणाऱ्या ग्लेन क्लोजचा विरोध असूनही तो बदलला, आणि 1987 साली सिनेमा तुफान चालला. तो बदल चांगला की वाईट, यावर मी बोलणार नाही. गल्ल्यानं तेव्हाच उत्तर दिलं होतं.

शेवटाचा विषय निघालाच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग आहे. लोकांना 14 अंशाच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेस तेच मिनिट, वर आणखी तीस सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाण्याचा गारठा जेमतेम एक अंशानं कमी होत गेला. पुन्हा करायचं झालं तर कुठला प्रकार घ्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा सांगितला, म्हणजे जास्त वेळ त्रास असलेला. शेवट जरा बरा होता ना! ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे 73 भाग, 2011 ते 2019. शेवटचा हंगाम परत बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्या सगळ्यांनी आधीचे सात हंगाम जीव टाकून बघितले असणार, नाहीतर एवढं चिडतो कोण? तरी आता विचारा, ‘सगळी मालिकाच वाया’ म्हणतील. ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी मालिकेचा शेवट तर 2007 मध्ये वाक्य अर्धवट तोडावं तसा झाला, पडदा एकदम काळा. कितीतरी लोकांना वाटलं, ऐन वेळी केबल गेली. मला तो शेवट आवडतो, पण केबलवाल्याला फोन लावायला निघालेल्या माणसाचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त अस्सल होता, हेही मला कबूल आहे.

आकड्यांबद्दल थोडक्यात. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर 90 टक्के दिसले की आपण समजतो, शंभरात नव्वद गुण. तसं नसतं. दहांपैकी नऊ समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल, इतकाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलेला सिनेमा शंभर टक्क्यांना पोचू शकतो, आणि निम्म्यांनी जीव ओवाळून टाकलेला पन्नासावर अडकतो. नेटफ्लिक्सनं 2017 मध्ये तारे काढून अंगठा आणला, तेव्हा कंपनीनं दिलेलं कारण मला माझ्या सगळ्या मांडणीला सुरुंग लावणारं वाटतं. लोक माहितीपटाला पाच तारे द्यायचे, हलक्या विनोदी सिनेमाला तीन, आणि बघायचे जास्त करून तो विनोदीच. म्हणजे माझा पक्का साक्षीदारही, चार लोकांत आपण कसे दिसू याचा विचार करून साक्ष फिरवतो. मात्र मालिका संपल्या संपल्या, कुणी काही विचारायच्या आत, तोंडातून जे पहिलं वाक्य निघतं, त्यावर मी अजूनही भरवसा ठेवतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: शेवट आधी कळला तर मजा जाते का?)

संशोधक म्हणतात, जात नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोघांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा उलट जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. आता त्या कथा होत्या, दहा आठवडे चाललेली मालिका नव्हे, हा फरक आहेच. निष्कर्ष वाचून मीही मान डोलावली. पण परवा चालू केलेल्या मालिकेचे माझे दोन भाग अजून राहिलेत, आणि चहाच्या वेळी कुणी मला खुनी कोण ते सांगितलं, तर मी पुढचं व्याख्यान त्याच्यावर देईन.