साडेसात वाव आणि वर एक वीत

(पहाट. ओहोटी. हर्णैचा किनारा, मागे सुवर्णदुर्ग.)

ओहोटी लागली की हर्णैला वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. ओला, घट्ट, पाय न रुतणारा. या पट्ट्यावर एक तांडेल हात पसरून माप घेतायत. दोन्ही हात ताणले की एक वाव. दर्यात जाळं किती खोल सोडायचं ते याच मापानं ठरतं. आज ते जमिनीवर मोजतायत. साडेसात वाव, आणि वर एक वीत. झाले 14 मीटर. तलवारबाजीची पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, एवढीच लांब असते.

काथ्याची दोरी ताणून झाली. मधोमध एक रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर आणखी एकेक रेघ. खेळाडू या दोन रेघांमागे उभ्या राहतात, म्हणजे सुरुवातीला दोघींच्या मध्ये 4 मीटर. सेबर, म्हणजे तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी एक, खेळणाऱ्या मुली हे अंतर डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतात.

ती बघा, आली. दापोलीच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी आणि जेटीवर तिला सगळे बाय म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

(पायांचा क्लोजअप. ओल्या वाळूतले ठसे.)

या पावलांकडे नीट बघा. मागचं पाऊल पुढच्या पावलाला कुठंही ओलांडत नाही. सेबरमध्ये पुढे जाताना पाय ओलांडला की पंच बाउट, म्हणजे लढत, थांबवतात, पिवळं कार्ड दाखवतात. हॉलच्या फरशीवर ही चूक क्षणात पुसली जाते. वाळू मात्र ती जपून ठेवते. बायचे सर सराव संपला की पट्ट्याच्या कडेनं वाकून चालत जातात आणि एकेक ठसा तपासतात. लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप, कुठं तोकडा पडला, टाच कुठं आधी टेकली, सगळं लिहिलेलं असतं. सर मूळचे कबड्डीचे. तलवारबाजी ते शिबिरांतून शिकले, उरलेली मोबाइलवर बाउट बघून बघून. पण हे ठसे वाचणं त्यांचं स्वतःचं आहे.

"बाय, हा बघ. हितं घाई केलीस."

ती येते, वाकते, बघते. आणि पुन्हा रेघेमागे जाऊन उभी राहते.

(सेबर हातात. पातं, मूठ, मुठीवरची वाटी.)

तलवार म्हटली की आपल्याकडे दांडपट्टा आठवतो, मर्दानी खेळ आठवतो. मागे किल्ला दिसत असताना तर आठवणारच. ते वैभव आपलंच आहे. पण बायच्या हातातलं हत्यार दुसऱ्या घराण्यातलं. घोडदळाच्या तलवारीच्या वंशातलं. वजन 500 ग्रॅमच्या आत, लांबी जास्तीत जास्त 105 सेंटिमीटर. फॉइल आणि इपी या बाकीच्या दोन हत्यारांमध्ये फक्त टोकानं वार करायचा असतो. सेबरमध्ये टोकही चालतं, धारही चालते. लक्ष्य कमरेच्या वरचं सगळं: धड, हात, डोकं.

आणि वार लागला की नाही हे सांगते वीज. अंगात धातूच्या तारांनी विणलेलं जाकीट, त्याला लामे म्हणतात. डोक्यावर मास्क, तोही वीज वाहणारा. मास्कमधून एक वायर जाकिटाला, पाठीतून निघालेली बॉडी वायर एकीकडे तलवारीला, दुसरीकडे वायर गुंडाळणाऱ्या रीळाला, आणि रीळ वार दाखवणाऱ्या बॉक्सला. बॉक्सवर दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. एकीचा दिवा लागला की दुसरीला 170 मिलिसेकंदांची मुदत. त्यानंतर लागलेला वार यंत्र धरतच नाही. दोन्ही दिवे लागले, तर पंच ठरवतात की हल्ल्याचा हक्क कुणाकडे होता. हल्ला अडवला (पॅरी) आणि उलट वार केला (रिपोस्ट), तर हक्क अडवणारीकडे जातो.

हे सगळं एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढचं दृश्य त्याशिवाय कळणार नाही.

(घराची पडवी. गोणपाटावर पसरलेलं साहित्य.)

ही शनिवारची दुपार. दर शनिवारी ही पडवी अशीच भरलेली असते. दोन सेबर कॉलेजचे. एक मास्क कॉलेजचा. लामे जुना, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या खेळाडूनं वापरून झाल्यावर दिलेला. बॉडी वायर तेवढी बायची स्वतःची.

लामेवर हे जे हिरवट-काळे डाग दिसतायत, ते घामाचे आणि हवेचे. धातूला क्षार लागला की तेवढ्या जागी वीज वाहत नाही. वार बरोबर बसतो, पण दिवा लागत नाही. असा एक डाग म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आयतं कवच, आणि तपासणीत सापडला तर स्पर्धेत तो लामे घालताच येत नाही. म्हणून बाय मल्टिमीटरचं एक टोक इथं, दुसरं तिथं टेकवून अख्खं जाकीट इंच इंच तपासते. आई विहिरीच्या गोड्या पाण्यात ते हलक्या हातानं बुचकळते. पिळायचं नाही, तारा तुटतात. उन्हात टाकायचं नाही. बोंबलाच्या वाळवणापासून लांब, माजघराच्या दारात, सावलीत टांगायचं.

मग पाती. रात्रभर उघडं राहिलं की सकाळी पात्यावर तांबूस पूड. बारीक पॉलिश पेपरनं ती काढायची, तेलाचा बोळा फिरवायचा, कोरड्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये बांधायचं. पावसाळ्यात हे रोज.

(जेटीजवळचं दुरुस्तीचं दुकान.)

आणि वायर तुटली तर? तलवारबाजीचं साहित्य दुरुस्त करणारं दुकान या पट्टीत नाही. हे काका बोटींवरचे फिश फाइंडर आणि वायरलेस दुरुस्त करतात. दोन वर्षांपूर्वी बाय पहिल्यांदा बॉडी वायर घेऊन आली, तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. प्लगच्या तीन पिना, आतली तार, जोड. मग म्हणाले,

"ह्याला दर्याचा नाय, घामाचा मीठ लागलाय."

तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेच्या आधी इथं एक फेरी ठरलेली. डाग द्यायची कथिलाची तार, हातात स्थिर सोल्डरिंग आयर्न, धुराची बारीक रेघ. पैसे घेत नाहीत. त्यांची एकच अट असते: आल्यावर सांगायचं, वायर चालली काय.

(मोबाइलवर जुनी बाउट. स्क्रीनवर तिचा चेहरा.)

बायचा जन्म 2004 चा. त्याच वर्षी अथेन्सला बायकांचं सेबर पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. पुरुषांचं 1896 पासून होतं. आणि त्याच 2004 मध्ये चेन्नईच्या एका शाळकरी मुलीनं तलवार हातात घेतली. भवानी देवी. सेबर खेळत टोकियोला पोचलेली, ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज.

26 जुलै 2021. बाय तेव्हा ज्युनिअर कॉलेजात, आणि कॉलेज बंद. मासेमारीही बंद, कारण जून-जुलै समुद्रात जायला मनाई. वर्षभरापूर्वी, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळानं उडवलेले पत्रे काही घरांवर अजून बसायचे होते. रेंज येते ती फक्त देवळामागच्या चढावर. तिथं छत्रीखाली उभं राहून तिनं ती बाउट पाहिली. भवानी देवीनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला 15-3 हरवलं. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानोन ब्रुनेकडून ती 7-15 हरली. त्याच ब्रुनेनं पुढे त्या स्पर्धेत कांस्यपदक घेतलं.

बायला त्या दिवशी हल्ल्याचा हक्क वगैरे काही कळलं नव्हतं. तिच्या लक्षात राहिली ती एक बातमी: भवानी देवी सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव करायची, खऱ्या तलवारी स्पर्धेसाठी जपून ठेवायची. बांबू तर घराच्या मागच्या परसात होते.

(नकाशा. हर्णैपासून किनाऱ्यानं खाली सरकणारी रेघ.)

इथं थोडं थांबू. भवानी देवी चेन्नई सोडून सरावासाठी गेली ती केरळात, थलासेरीला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात, सागर लागू सरांकडे. थलासेरी कुठं आहे? याच अरबी समुद्राच्या काठी. तोच पाऊस, तेच खारं वारं, तीच पात्यावरची तांबूस पूड. तिथं घडलेली ही खेळाडू 2023 मध्ये चीनमधल्या वूशी इथं आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत जपानची विश्वविजेती मिसाकी एमुरा हिला 15-10 हरवते आणि कांस्यपदक आणते. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. आपल्याकडे कुणी म्हणालं की कोकणच्या हवेत हा खेळ टिकायचा नाही, तर त्यांना हा नकाशा दाखवावा.

(पाऊस. जाळ्यांची शेड. शाकारलेल्या होड्या.)

पावसाळ्यात वाळू मिळत नाही. होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात आणि जाळी विणायची ही शेड अर्धी रिकामी होते. मग सराव इथं. एका बाजूला जाळ्यांना गाठी मारणारे हात, दुसऱ्या बाजूला फूटवर्क. पुढे, पुढे, मागे, लंज. समोर जोडीदार नाही. खांबाला बांधलेलं जुनं टायर, हाच प्रतिस्पर्धी. बॉक्सही नाही. कॉलेजकडे बॉक्स नाही, रीळ नाहीत. त्यामुळे वार लागला की नाही हे सर कानानं ठरवतात.

पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत याचाच फटका बसला. पूलच्या, म्हणजे सुरुवातीच्या गटातल्या, बाउट 5 पॉइंटच्या असतात, कळेपर्यंत संपतात. बाय वार करायची आणि थांबायची, सरावात थांबायची तशी. वर बघायची तर दिवा दुसरीचा. पूलमधली एकही बाउट जिंकता आली नाही.

दुसऱ्या वर्षी कांस्यपदक. तलवारबाजीच्या बहुतेक स्पर्धांत तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत होत नाही, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळतं. हे ते पदक, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला. त्याच आठवड्यात एक पेपर बुडाला, एटीकेटी लागली, पुढच्या सत्रात सुटली. घोटाही दुखावला होता. दीड महिना गेला.

(रात्र. दापोली एसटी स्टँड. मग खेड स्टेशन.)

हा प्रवास आम्ही तिच्याबरोबर केला. हर्णै ते दापोली एसटी, दापोलीहून खेड, खेडहून कोकण रेल्वे. तलवारींची पिशवी लांबट, जाड, निळ्या ताडपत्रीची, आईनं शिवलेली. कंडक्टर विचारतात, "काय गो, फिशिंग रॉड काय?"

स्पर्धा परवा आहे. ती आज निघालीय. भवानी देवी 14 वर्षांची असताना, पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, तुर्कस्तानला, तीन मिनिटं उशिरा पोचली आणि तिला काळं कार्ड दाखवून बाद केलं होतं. बायनं हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. घाटात दरड येऊ शकते, गाडी तासन् तास रखडू शकते. म्हणून एक अख्खा दिवस हातचा. त्या दिवसाचं राहणं, जेवण, सगळं पदरचं. मुंबई-पुण्याच्या मुली सकाळी घरून डबा घेऊन हॉलवर येतात.

(स्पर्धेचा हॉल. आवाज. दिवे.)

तिसऱ्या वर्षी बाय विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. आंतरविद्यापीठ स्पर्धा. समोर पंजाब, हरियाणा, मणिपूर, केरळच्या मुली, लहानपणापासून बॉक्सवर खेळलेल्या.

इथं बोलण्यापेक्षा बघूया.

(आवाज: ऑन गार्ड. रेडी. फेन्स.)

...

13-13. बाद फेरीची बाउट, 15 पॉइंटची. एकीचे 8 पॉइंट झाल्यावर एक मिनिटाची विश्रांती झाली, तेव्हा ती दोन पॉइंटनं मागे होती. आता समोरची मुलगी पुढे येतेय. बाय मागे सरकतेय, लहान लहान पावलांनी, वाळूवर सरकते तशी. पिस्टचं शेवटचं टोक जवळ आलंय. अजून वार नाही. अजून नाही. आता पॅरी, रिपोस्ट.

दोन्ही दिवे. पंचांचा हात बायच्या बाजूला.

तिच्या डोळ्यांकडे बघा. दिवा बघायला ती थांबलेली नाही.

ही बाउट बाय 14-15 हरली.

(पुन्हा किनारा. संध्याकाळ. बैलगाड्या पाण्यात, लिलावाचा गलका.)

होड्या लागल्यात. बैलगाड्या कमरेएवढ्या पाण्यात शिरून मासळी आणतायत, लिलावाला आवाज चढलाय. त्या गर्दीपासून थोडं लांब, वाळूवर, आज वेगळीच गर्दी आहे. चित्रीकरणासाठी एका स्नेह्यांनी त्यांचा बॉक्स तीन दिवस वापरायला दिलाय. बर्फाच्या दुकानातून वायर ओढून वीज आणलीय. फिश फाइंडरवाले काका स्वतः जोडण्या बघतायत.

बाय मास्क लावून उभी आहे. समोर सातवीतली एक मुलगी, अंगात बायचा लामे, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. सेबर तिला दोन्ही हातांनी धरावासा वाटतोय. बाय हात पुढे करून तिची मूठ सोडवते, एकाच हातात देते, अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवते. आणि स्वतःचा खांदा पुढे करते. मार.

लाल दिवा.

पोरांचा आवाज ऐकलात ना. लिलाव क्षणभर थांबला होता.

रांग लागलीय. चौदा जणी. तांडेल बाबा रांग सांभाळतायत, एकेकीला आत सोडतायत. बायच्या परीक्षा आहेत पुढच्या महिन्यात. मग काय, ते अजून ठरलेलं नाही.

पाणी मधल्या रेघेपर्यंत आलंय. काथ्याची दोरी गुंडाळायला घेतलीय. बॉक्स पुसून थर्माकोलच्या पेटीत बसवला, भोवती सुकं फडकं कोंबलं, वरून चिकटपट्टी. बायनं पेटीवर मार्करनं लिहिलं: वर मासळी ठेवू नये. उद्या रात्रीच्या आत तो खेडला पोचवायचाय.