ऑफिस कुठे बांधायचं, इथूनच वाहतूक सुरू होते

मित्रहो, पुण्याजवळच्या हिंजवडीच्या वाहतूक कोंडीवर बोलायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रस्ता कधी रुंद होणार? प्रश्न विचारणारा माणूस रोज दोन-तीन तास गाडीत घालवत असतो, त्यामुळे त्याची तळमळ खरी असते. पण आज मला रस्त्याच्या आधीच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वाकडचा पूल, भूमकर चौक, शिवाजी चौक इथे संध्याकाळी जे दिसतं ते त्या चौकात घडलेलं नाही. आयटी पार्कसाठी जागा निवडली गेली त्या दिवशीच ते घडलं. लाखांवर माणसं रोज कुठे येणार हे एका टेबलावर ठरलं आणि ती येणार कशी हे दुसऱ्या टेबलावर, तेही पुष्कळ वर्षांनी.

हिंजवडीची जमीन एमआयडीसीनं, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळानं, विकसित केली. विसाव्या शतकाच्या शेवटी पहिला टप्पा सुरू झाला, मग दुसरा, मग तिसरा. तिथे रेल्वे नव्हती. महामार्ग ओलांडायचे रस्ते मोजके होते. गावची घरं सोडली तर कर्मचाऱ्यांना राहण्याजोगं फारसं काही नव्हतं. हिंजवडीजवळचं माण ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. या दोन घटनांमध्ये जवळजवळ वीस वर्षं गेली. एवढ्या काळात माणूस थांबून राहत नाही. तो आधी दुचाकी घेतो, लग्नानंतर चारचाकी घेतो, बँकेचे हप्ते सुरू होतात, आणि मग घर घेताना 'पार्किंग किती?' हा प्रश्न तो 'बस स्टॉप किती लांब?' याच्या आधी विचारतो. मेट्रो येते तोवर त्याच्या सवयी, त्याचं कर्ज आणि त्याच्या मुलांची शाळा, सगळं गाडीभोवती बसलेलं असतं. उशिरा आलेली मेट्रो रिकाम्या पाटीवर लिहीत नाही. आधीचं खोडून तिला जागा करून घ्यावी लागते.

हे पुण्याला नवीन होतं का? नाही. पिंपरी-चिंचवड आठवा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये आला. साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागे शेकडो लहान कारखाने. ही सगळी वसाहत मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वेमार्ग यांना धरून वाढली. कामगारांना घरं मिळावीत म्हणून 1972 मध्ये प्राधिकरण स्थापन झालं. 1978 मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही कामावर जायची स्टेशनं झाली. कोणी सायकलवर जायचं, कोणी लोकलनं, बाकीचे कंपनीच्या बसनं. सगळं उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. लोकलच्या फेऱ्या तेव्हाही कमी होत्या आणि आजही आहेत. पण कारखाना, घर आणि रूळ यांचा एकमेकांशी काही संबंध असावा एवढा विचार त्या मांडणीत होता. पुढच्या पिढीनं आयटी पार्क मांडताना तो विचार सोडून दिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कंपनीची बस हा आपल्या औद्योगिक पट्ट्यातला मोठा ठेवा आहे आणि त्याचा पुरेसा अभ्यास होत नाही. चाकणला रेल्वे नाही, तरीही तिथले पुष्कळ कामगार बसनं येतात. कारण साधं आहे. शिफ्टची वेळ एक, गेट एक, आणि एका गेटवर एका वेळी शेकडो माणसं. बस भरायला याहून चांगली परिस्थिती नाही. आयटीत वेळ लवचिक, कंपन्या अनेक, इमारती विखुरलेल्या. त्यातच इमारतीच्या तळघरात दोन-तीन मजले पार्किंग फुकट. बस तिथे अर्धी रिकामी धावते आणि वर्षभरात बंद होते. मग आपण म्हणतो, लोकांना बस नकोच आहे. पण त्या बसला माणसं कुठून, किती वाजता मिळणार होती, हे कोणी पाहिलं होतं?

आता काही जण म्हणतील, कामाजवळ घरं बांधा की झालं. हडपसरच्या मगरपट्ट्याचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं आणि ते द्यायलाच हवं. शेतकऱ्यांनी आपल्या सुमारे 400 एकर जमिनी एकत्र केल्या, विकून मोकळं न होता विकासात भागीदार राहिले, आणि घरं, शाळा, रुग्णालय, आयटीच्या इमारती एकाच आवारात उभ्या केल्या. तिथे चालत ऑफिसला जाणारी माणसं आहेत. त्या शेतकऱ्यांच्या दूरदृष्टीबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

तरीही प्रदेशाचं नियोजन केवळ 'घराशेजारी काम' या कल्पनेवर उभं राहत नाही. आजच्या घरात दोघं कमावतात. एक हिंजवडीला, दुसरी खराडीला. घर घ्यायचं कुठे? मधोमध, म्हणजे औंध-बाणेरला घेतलं तर किंमत परवडत नाही. म्हणून वाघोलीला किंवा रावेतला. त्यात नोकरी दर तीन-चार वर्षांनी बदलते. घर तेवढ्या वेळा बदलता येत नाही, मुलांची शाळा तर नाहीच. तेव्हा प्रत्येकाला कामाजवळ राहायला लावणं हे उद्दिष्ट ठेवलं तर आपण हरणार. ठेवण्यासारखं उद्दिष्ट वेगळं आहे: काम कुठेही असो, ते दमदार सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गावर असलं पाहिजे. खराडीची नोकरी सोडून हिंजवडीची धरली तरी त्याच स्टेशनवरून, फक्त उलट्या दिशेची गाडी पकडून जाता आलं पाहिजे. घरं विखुरलेली असली तर निभावतं. नोकऱ्या विखुरल्या तर कुठलीही मेट्रो कमी पडते.

हा विचार कायद्यात कसा उतरतो हे कोपनहेगनमध्ये पाहायला मिळतं. त्या शहराचा 1947 चा आराखडा हाताच्या पंज्यासारखा आहे: तळहात म्हणजे जुनं शहर, बोटं म्हणजे उपनगरी रेल्वेचे मार्ग, आणि बोटांच्या मधे हिरवी जमीन. हे चित्र नियोजनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. त्यानंतरचा नियम मात्र कमी लोकांना माहीत आहे. 2007 मध्ये डेन्मार्कनं त्या महानगर प्रदेशासाठी असं बंधन घातलं की 1,500 चौरस मीटरपेक्षा मोठं ऑफिस बांधायचं तर ते स्टेशनपासून 600 मीटरच्या आत असावं. म्हणजे चालत सात-आठ मिनिटं. घरांना ही अट इतकी कडक नाही. ऑफिसला आहे, कारण माणूस घरापासून स्टेशनपर्यंत सायकल वापरेल, रिक्षा करेल, कोणी सोडायला येईल. पण दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे स्वतःचे पायच असतात. आपल्याकडे ज्याला 'लास्ट माइल' म्हणतात तो खरा प्रश्न कामाच्या टोकाचा आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलानं हे अनेक वर्षं सोसलं. दोन्ही बाजूंना रेल्वे, पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला कुर्ला, पण ऑफिसं मध्ये. स्टेशनातून बाहेर पडलं की शेअर रिक्षाची रांग. संकुलाच्या पोटात भुयारी मेट्रोचं स्टेशन सुरू झालं ते ऑक्टोबर 2024 मध्ये.

नेदरलँड्सनं याच्याही आधी, 1990 च्या आसपास, आणखी धीट प्रयोग केला. त्यांनी जागांची वर्गवारी केली. मोठ्या स्टेशनला लागून असलेली जागा 'अ', स्टेशन आणि मोठा रस्ता दोन्ही जवळ असलेली 'ब', आणि केवळ महामार्गावरची 'क'. मग उद्योगांची वर्गवारी केली: कोणाकडे माणसं जास्त येतात, कोणाकडे माल जास्त येतो. माणसांचा धंदा 'अ' जागेवर, मालवाहतुकीचा 'क' जागेवर. शिवाय पार्किंगला कमाल मर्यादा. मोठ्या शहरांच्या पट्ट्यात 'अ' जागेवर दर 100 कर्मचाऱ्यांमागे 10 मोटारींची जागा, त्याहून जास्त नाही. नियम करणारं नियोजन आणि पर्यावरण मंत्रालय स्वतः हेगच्या मध्यवर्ती स्टेशनाशेजारी राहायला गेलं, आणि तिथे मोटारीनं येणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. आपली नियमावली नेमकी उलटी आहे. ऑफिसला किमान किती गाड्यांची सोय पाहिजे हे आपण सांगतो. स्टेशनच्या दारात बांधा नाहीतर माळावर बांधा, कमाल किती हे विचारत नाही.

हे डच धोरण पुढे टिकलं नाही, आणि ते का टिकलं नाही यातच आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा धडा आहे. एखादी कंपनी नगरपालिकेकडे जाऊन म्हणायची, पार्किंग वाढवून द्या, नाहीतर शेजारच्या गावात जातो. शेजारचं गाव तयारच असायचं. नोकऱ्या जाण्याच्या भीतीनं एकेक नगरपालिका ढिली पडत गेली. नियम चांगला होता, पण तो पाळायचा की नाही हे ज्यांच्या हातात होतं ते एकमेकांचे स्पर्धक होते. शेवटी केंद्र सरकारनंही ते धोरण सोडून दिलं.

आता पुण्याकडे बघा. हिंजवडीच्या आतले रस्ते आणि परवानग्या एमआयडीसीकडे. गावठाण ग्रामपंचायतीचं. भोवतालचा परिसर पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. अलीकडचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेचं, त्यापलीकडचं बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेचं, मधला महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. बस पीएमपीएमएलची. मेट्रोच्या दोन मार्गिका महामेट्रोच्या, तिसरी पीएमआरडीएची. यातल्या प्रत्येक कार्यालयात मन लावून काम करणारी माणसं आहेत, मी त्यांना ओळखतो. पण बांधकामाचं शुल्क, जादा बांधकामासाठीचा प्रीमियम, मालमत्ता कर हे हद्दीप्रमाणे मिळतात, त्यामुळे मोठी इमारत आपल्या हद्दीत यावी असं प्रत्येकाला वाटणारच. 'हे ऑफिस इथे नको, पलीकडच्या स्टेशनजवळ जाऊ दे' असं म्हणण्यात कोणाचाच फायदा नाही. प्रादेशिक नियोजन लागतं ते इथे. सुमारे 7 हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी 2015 मध्ये पीएमआरडीए स्थापन झालं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा प्रारूप विकास आराखडा शासनानं 2025 मध्ये रद्द केला. या गोष्टीचं राजकारण बाजूला ठेवू. नवा आराखडा लिहायची वेळ आहे, आणि त्यात नोकऱ्यांच्या जागेचा नियम घालता येतो.

पैशाचं काय, असं विचारलं जाईल. त्याचंही उत्तर महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबईत सिडकोनं, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं, रेल्वेच्या खर्चाचा 67 टक्के भार उचलला, रेल्वेनं 33 टक्के. स्टेशनच्या वर आणि भोवती ऑफिसं बांधली. वाशी आणि बेलापूर स्टेशनांवरच्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. जमिनीची किंमत रेल्वेमुळे वाढते, तर त्या वाढीतूनच रेल्वे उभी करायची. उशीर तिथेही झाला: सिडको 1970 ची, वाशीला लोकल पोहोचली 1992 मध्ये. पण पोहोचली तेव्हा ऑफिसच्या दाराशी पोहोचली. पुण्यात मेट्रो स्टेशनभोवती 500 मीटरपर्यंत जास्त एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, देण्याचं धोरण आहे. त्यात आज घरंही येतात, मॉलही येतो आणि पार्किंगचे मजलेही येतात. त्यातला ठरावीक वाटा ऑफिसांसाठी राखावा आणि पार्किंगला वरची मर्यादा घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसबद्दल थोडक्यात, कारण मेट्रोच्या उत्साहात तिचा विसर पडतो. केंद्राच्या निकषाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी दर 1,000 लोकांमागे 0.6 बस लागते, म्हणजे लाखाला 60. पुणे नागरी समूहाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 50 लाखांवर होती. तेवढ्यावरच हिशेब केला तरी 3,000 बस हव्यात. पीएमपीएमएलकडे दोन हजारांच्या आसपास आहेत, आणि लोकसंख्या 2011 वर थांबलेली नाही. याउलट विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवा. पुरी दीड दशकंही झाली नव्हती, तोच 2020 मध्ये मेट्रोसाठी तो पाडावा लागला. तो बांधताना त्या रस्त्यानं पुढे काय जाणार आहे हे ठरलेलं असतं तर तो एकदाच, नीट बांधता आला असता.

नव्या आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातील. बहुतेक हरकती आपल्या जमिनीवर पडलेल्या आरक्षणाबद्दल असतात, आणि ते स्वाभाविक आहे. तुमच्यापैकी ज्यांची तिथे जमीन नाही त्यांनीही अर्ज द्यावा. त्यात एवढंच लिहा: नियोजित प्रत्येक ऑफिस संकुलापासून सर्वांत जवळचं स्टेशन किंवा बसमार्ग किती मीटरवर आहे हे नकाशात दाखवा, आणि ती सेवा सुरू होण्याची तारीख इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राला, म्हणजे ती वापरायला मिळणाऱ्या परवानगीला, जोडा. सुनावणीला स्वतः जा आणि तिथे हे मोठ्यानं वाचून दाखवा. धन्यवाद.