मोजणारं यंत्र, सांगणारं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. ठाण्याहून सामन्याला निघालेल्यांपैकी कितीतरी जणांनी आदल्या रात्री मोबाइलमधल्या एआयला विचारलं असणार: किती वाजता निघू, परत कसं येऊ? आणि त्याने छान आखीव उत्तर दिलं असणार. ट्रान्स-हार्बरची लोकल धरा, जुईनगर गेलं की नेरूळ, सामना तीनला, रात्री अकरापर्यंत घरी. प्रत्यक्षात पाऊस आला, सामना पाच वाजता सुरू झाला आणि दीप्ती शर्माने शेवटची विकेट घेतली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आपण ५२ धावांनी जिंकलो, त्यामुळे त्या आखीव वेळापत्रकाची कुणी तक्रार केली नाही. हरलो असतो तर सगळ्यांना एकदम शेवटची लोकल आठवली असती!

त्या दिवशी दोन यंत्रं कामाला लागलेली होती. एक मैदानावर, चेंडू कुठे पडला आणि कुठे गेला असता ते दाखवणारं. दुसरं खिशात, प्रवास आखून देणारं. आपण दोघांनाही एआय म्हणतो आणि एक तर दोघांवर डोळे मिटून विश्वास टाकतो, नाहीतर दोघांना एकत्रच मोडीत काढतो. माझं म्हणणं असं, की ही दोन कामं मुळात वेगळी आहेत. एक यंत्र मोजतं, दुसरं सांगतं. मोजणाऱ्यावर थोडा जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही. सांगणाऱ्याची मात्र उलटतपासणी घ्यायलाच हवी.

आधी मोजणाऱ्याबद्दल. चेंडूचा माग काढणारी हॉक-आय ही यंत्रणा इंग्लंडमधल्या पॉल हॉकिन्स यांनी तयार केली. क्रिकेटमध्ये ती पहिल्यांदा दिसली २००१मध्ये, लॉर्ड्सच्या कसोटीत, आणि तीसुद्धा फक्त टीव्हीवरच्या प्रेक्षकांसाठी. मैदानाभोवती बसवलेले कॅमेरे चेंडूला वेगवेगळ्या कोनांतून टिपतात, आणि त्यावरून चेंडू प्रत्येक क्षणी नेमका कुठे होता याचं गणित मांडलं जातं. आता पायचीतचा निर्णय घ्या. चेंडू पॅडला लागेपर्यंतचा मार्ग हा मोजलेला असतो. पॅडच्या पुढचा, यष्टीपर्यंतचा मार्ग हा अंदाज असतो. टीव्हीवर दोन्ही भाग एकाच रेषेत दिसतात, म्हणून आपल्याला फरक कळत नाही. आपल्या क्रिकेट मंडळाला तो चांगलाच कळला होता. २००८च्या श्रीलंका दौऱ्यात पंचाच्या निर्णयाला यंत्राच्या आधारे आव्हान द्यायची पद्धत, म्हणजे डीआरएस, पहिल्यांदा वापरून पाहिली, तिथे आपले बहुतेक दावे फसले, आणि मग २०१६च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेपर्यंत भारताने तिला आपल्या मालिकांमधून लांबच ठेवलं.

या पद्धतीतली एक गोष्ट घराघरांत शिव्या खाते: अंपायर्स कॉल. चेंडू यष्टीला लागताना दिसतोय, तरी फलंदाज नाबाद! कारण चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीवर असेल, तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. लोक चिडतात. मी मात्र या नियमाच्या बाजूचा आहे. इथपर्यंत मी छातीठोक सांगतो, याच्या पुढे माझी खात्री नाही, तिथे माणसाला विचारा, असं कबूल करणारं यंत्र मला तरी दुसरं माहीत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, प्रवासाकडे वळलो की तो पुन्हा लागणार आहे.

अर्थात मोजणाराही चकतो. २०२०च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसच्या फुटबॉल क्लबचा सामना होता. करोनामुळे मैदानात प्रेक्षक नव्हते, घरी बसून थेट प्रक्षेपण पाहायचं. कॅमेरामन नाही, चेंडू ओळखून आपोआप त्याच्यामागे वळणारा एआय कॅमेरा. त्या दिवशी रेषेवरच्या सहायक पंचाला टक्कल होतं. उन्हात चकाकणारं ते डोकं कॅमेऱ्याला पुनःपुन्हा चेंडू वाटलं आणि खेळ सोडून तो पंचाच्याच मागे फिरत राहिला. याच्या उलट २०२५ची विम्बल्डन. तिथे त्या वर्षी रेषापंच काढून सगळी मदार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर ठेवली, आणि एका सामन्यात चेंडू बाहेर पडूनही ती गप्प राहिली. यंत्र चुकलं नव्हतं. माणसाकडून ते चुकून बंद झालं होतं.

क्षणचित्रं, म्हणजे हायलाइट्स कापण्याचं कामही आता बरंचसं यंत्र करतं. विम्बल्डनमध्ये आयबीएमने २०१७पासून हे सुरू केलं. प्रेक्षकांचा आवाज, खेळाडूचे हावभाव, सामन्याची आकडेवारी यांवरून कुठला क्षण रंगला ते यंत्र ठरवतं. काम झटपट होतं यात शंका नाही. पण मला आठवतात ते बापू नाडकर्णी. १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध ओळीने २१ निर्धाव षटकं! ३२ षटकांत अवघ्या ५ धावा. विकेट एकही नाही, षटकार नाही, आरडाओरडा नाही. निव्वळ गोंगाटावर चालणाऱ्या यंत्राने त्या दिवसाच्या चित्रफितीत बापूंना एक सेकंद तरी दिला असता का?

आणि समालोचन. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी अमेरिकेतल्या एनबीसीने अल मायकल्स या ज्येष्ठ समालोचकाचा आवाज त्यांच्या परवानगीने एआयवर घडवला आणि प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या आवडीच्या खेळांचा रोजचा वेगळा गोषवारा ऐकवला. एका माणसाला इतके गोषवारे वाचणं शक्यच नव्हतं, तेव्हा तो वापर मला पटतो. थेट समालोचन ही मात्र निराळी विद्या. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकत वाढलेले श्रोते आज कार्यक्रम ऐकत असतील, त्यांना मी काय वेगळं सांगू?

लांब कशाला जायचं, आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यातलं टेनिस बॉल क्रिकेट बघा. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये २०२४ला टेनिस चेंडूची आयएसपीएल ही मोठी स्पर्धा भरली, ती तर झालीच. पण थंडी पडली, भातकापणी उरकली की गावोगावच्या मैदानांवर रात्रीचे प्रकाशझोत लागतात. सामना यूट्यूबवर थेट दिसतो, धावफलक मोबाइलवर हलत असतो. आपोआप वळणारा कॅमेरा इथे आला तर आनंदच आहे, एका पोराचे मचाणावर उभं राहून दुखणारे पाय वाचतील. पण माइक हातात घेतलेला तो गडी! फलंदाज कुणाचा भाचा, गोलंदाज कुठल्या गावचा, मागच्या वर्षी याच मैदानावर याच दोघांत काय झालं होतं, मध्येच आगरी बोलीत एक टोला, आणि लगेच व्यासपीठावर आलेल्या पाहुण्यांचं स्वागत. हे सगळं कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. जे कुठेच लिहिलेलं नाही ते यंत्राने वाचावं तरी कुठून?

इथून आपण प्रवासाकडे येतो, कारण खिशातल्या यंत्राची सगळी भिस्त लिहिलेल्यावरच आहे. चॅटबॉटच्या मागे जे भाषेचं प्रारूप असतं, ते अफाट मजकूर पचवून कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द यावा हे शिकलेलं असतं. त्याच्या पोटात रेल्वेचं चालू वेळापत्रक नसतं. इंटरनेट जोडून दिलेलं असलं तर चॅटबॉट तिथे शोधतो. नसलं तर जुन्या वाचनावरून ठोकून देतो. आणि ठोकून देताना आवाज तोच, ठाम. गावात पत्ता विचारला की माहीत नाही म्हणायला लाजणारा आणि हात उंचावून कुठली तरी दिशा दाखवणारा एखादा भला माणूस भेटतो ना, तसा. अंपायर्स कॉल ही सोय त्याच्याकडे नाही.

उदाहरण देतो. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं. १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आणलं. इंटरनेटवर वर्षानुवर्षं साचलेल्या मजकुरात १२०च लिहिलेलं आहे. जुनं ढीगभर, नवं मूठभर. तेव्हा यंत्राच्या तोंडून १२० निघालं तर नवल नाही.

दुसरं उदाहरण सहलीचं. समजा, कळव्याच्या एखाद्या सोसायटीतल्या महिला मंडळाला अजिंठा-वेरूळ करायचं आहे. तपोवन एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. तिथून वेरूळ साधारण ३० किलोमीटर, अजिंठा १००च्या आसपास. यंत्र तीन दिवसांचा कार्यक्रम चुटकीसरशी आखून देईल, वर खाण्याची ठिकाणंही सुचवेल. पण अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. कार्यक्रमात नेमकं सोमवारी अजिंठा आलं असेल, तर १००  किलोमीटर जाऊन कुलूप बघून यायचं. अजिंठ्याला खासगी गाडी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत नेता येत नाही, फर्दापूरच्या फाट्यावरून एसटीची बस घ्यावी लागते, हेही विचारून घ्या. आणि पुढे एसटीने फिरणार असाल तर खर्चाचा हिशेब स्वतः करा. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास फुकट आहे. यंत्राने पूर्ण भाडं धरलं, तर बजेट बघूनच निम्म्या जणी सहल रद्द करतील.

मग यंत्राला विचारूच नये का? जरूर विचारावं. त्याला माहिती मागण्यापेक्षा माहिती द्यावी, म्हणजे ते फार चांगलं काम करतं. आम्ही सोळा जणी, चौघींचे गुडघे दुखतात, जिने कमी हवेत, दोघींचा शनिवारचा उपास, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, आता दिवस जुळवून दे. हे असं मराठीतच सांगा. जुळवाजुळव, याद्या, पर्याय, परराज्यातल्या पाटीचा फोटो काढून तिचा अर्थ लावणं, यात त्याचा हात धरणं अवघड. फक्त आधार कार्डाचा नाहीतर तिकिटाचा फोटो त्याच्याकडे देऊ नका, त्याची गरज नसते.

प्रवासातही मोजणारी यंत्रं आहेत. नकाशाच्या अ‍ॅपवर घोडबंदर रोड लाल दिसतो, तेव्हा त्या रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्यांमधले मोबाइलच आपापला वेग कळवत असतात. गायमुखला पोहोचायला किती वेळ लागेल, हे ते अ‍ॅप सांगेल ते माना. आयआरसीटीसीची आस्कदिशा ही २०१८पासूनची मदतनीसही आरक्षणाच्या प्रत्यक्ष नोंदींना जोडलेली आहे, तिने पीएनआरची स्थिती सांगितली तर ती नोंदीतून आलेली असते.

आणि सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं तर भरपाई कुणी द्यायची? कॅनडात हे प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं. आजी वारली म्हणून निघालेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने सांगितलं, की सवलतीचा अर्ज प्रवासानंतरही चालेल. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि भरपाई द्यायला लावली. तिथे चॅटबॉट कंपनीचाच होता आणि प्रवाशाकडे त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट होता, हे ध्यानात घ्या. तुम्ही स्वतःच्या मोबाइलवर कुठल्या तरी भलत्याच एआयला विचारून गाडी चुकवलीत, तर रेल्वे काही देणार नाही.

जाता जाता गणपतीला कोकणात निघणाऱ्यांसाठी. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. पावसात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या वेळा बदलतात, आणि गणपती त्या काळातच येतात. म्हणून यंत्राने ठाण्याची वेळ सांगितली, तर ती पावसाळ्यातली आहे का, असं त्याला आधी विचारा. हो म्हणालं तरी कोकण रेल्वेच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बघा, आणि ठाण्याचीच नव्हे तर खेड, चिपळूण, कुडाळ, जिथे उतरायचंय तिथलीही वेळ बघा. गाडी तिथे पहाटे पोहोचणार असेल तर न्यायला येणाऱ्या रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच फोन करून ठेवा.

नमस्कार.