बाल्टिक देश आणि पन्नास वर्षांचा नकार

हा नकाशा जरा जवळून बघा. शीतयुद्धाच्या काळातला आहे, अमेरिकन सरकारने छापलेला. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तिन्ही देश सोव्हिएत युनियनच्या आत दाखवलेत, पण कोपऱ्यात बारीक अक्षरात एक टीप आहे की या तिघांचं विलीनीकरण अमेरिकेने मान्य केलेलं नाही. सरकारं बदलली, राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, टीप मात्र छापत राहिले. याने काय फरक पडणार होता असं कुणालाही वाटेल, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं काहीच फरक पडला नाही.

२३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टॅलिनचा करार झाला, त्यासोबतच्या गुप्त कागदात पूर्व युरोपची वाटणी. पुढच्या वर्षी १४ जूनला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं, सगळं जग तिकडे बघतंय आणि त्याच दिवशी मॉस्कोने लिथुआनियाला अल्टिमेटम दिला, दोन दिवसांनी बाकी दोघांनाही. सैन्य आत आलं. जुलैमध्ये निवडणूक घेतली, म्हणजे उमेदवारांची एकच यादी, तिलाच मत द्यायचं. अशा निवडून आलेल्या तिन्ही संसदांनी २१-२२ जुलैला म्हणजे पहिल्याच बैठकांत ठराव केला की आम्हाला सोव्हिएत युनियनमध्ये घ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोने ही "विनंती" मान्यही करून टाकली.

वॉशिंग्टनने या वेळी काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण त्यांनी आधी पैसा पकडला आणि मग तोंड उघडलं. १५ जुलैला रूझवेल्टनी आदेश काढून या देशांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली, सोनंसुद्धा. २३ जुलैला हंगामी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांचं निवेदन आलं, एका पानात मावेल एवढंच, त्यात म्हटलं होतं की बळाचा वापर करून किंवा नुसता धाक दाखवून कुणी दुसऱ्याचा देश गिळत असेल तर अमेरिकन जनतेचा त्याला विरोध आहे.

आयडिया नवी नव्हती. जपानने मांचुरिया घेतला तेव्हा जानेवारी १९३२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी बळाने घेतलेल्या प्रदेशाला मान्यता न देण्याचं हेच धोरण जाहीर केलं होतं, आणि जपान तसूभरही हललं नाही, उलट राष्ट्रसंघातूनच बाहेर पडलं. इटलीने इथिओपिया घेतला तेव्हा काही देशांनी नाही म्हटलं, पण ब्रिटनने १९३८ मध्ये मान्यता देऊन टाकली. म्हणजे १९४० पर्यंत या धोरणाचा रेकॉर्ड वाईटच म्हणायला हवा.

बाल्टिकच्या बाबतीत ते टिकलं, आणि माझ्या मते निवेदनापेक्षा त्यामागच्या कारकुनी कामामुळे टिकलं. या देशांचे अमेरिकेतले राजदूत, कॉन्सुल यांना कुणी घरी पाठवलं नाही. त्यांच्या कचेऱ्या चालू राहिल्या, खर्चाला गोठवलेल्या पैशांतून रक्कम मिळायची, ते पासपोर्ट द्यायचे आणि अमेरिकन अधिकारी ते पासपोर्ट धरायचेही. सोव्हिएत सरकारने बाल्टिक जहाजं आपल्या मालकीची झाली असं जाहीर केलं तेव्हा अमेरिकन कोर्टांनी ते मानलं नाही. देश नकाशावर उरलेला नाही, मागे सरकार नाही, आणि हा माणूस रोज ऑफिसला येऊन शिक्के मारतोय! न्यूयॉर्कच्या एस्टोनियन कॉन्सुलेटमधले अर्न्स्ट याकसन १९६५ पासून कॉन्सुल जनरल होते, आणि १९९१ मध्ये याच माणसाने एस्टोनियाचा राजदूत म्हणून राष्ट्राध्यक्ष बुश यांना आपली अधिकारपत्रं दिली. तेव्हा त्यांचं वय ८६.

पण याला फार शौर्यगाथा करू नका. १९४३ मध्ये तेहरानला खुद्द रूझवेल्टनी स्टॅलिनला सांगितलं होतं की तुमचं सैन्य बाल्टिक देशांत परत गेलं तर मी काही त्यावरून युद्ध करणार नाही. आणि केलंही नाही कुणी, मार्च १९४९ मध्ये सोव्हिएत सरकारने तिथले नव्वद हजारांहून जास्त लोक गाड्यांत भरून सायबेरियाच्या दिशेने नेले तेव्हा कागदावरच्या नकाराने एकही गाडी थांबली नाही.

इतर देशांचं तर काय बोलायचं. स्वीडनने १९४० मध्येच मान्यता दिली आणि आपल्याकडे ठेवलेलं बाल्टिक सोनं मॉस्कोला देऊन टाकलं, माफी मागितली २०११ मध्ये. ब्रिटनने कायद्याने मान्यता कधी दिली नाही, पण सोनं १९६७ मध्ये विकलं, ते भरून दिलं नव्वदच्या दशकात. ऑस्ट्रेलियाची गंमत वेगळीच, व्हिटलम सरकारने १९७४ मध्ये मान्यता दिली, पुढच्याच वर्षी फ्रेझर सरकारने काढून घेतली. १९७५ मध्ये हेलसिंकी करार आला, त्यात युरोपच्या सीमा बळाने बदलायच्या नाहीत असं ठरत होतं, त्यामुळे बाल्टिक वंशाच्या लोकांना वाटलं की आता आपल्यावर पाणी सोडलं. राष्ट्राध्यक्ष फोर्डना सहीला जाण्याआधी जाहीर सांगावं लागलं की आमची भूमिका तीच आहे.

आणि मग १९९१. जानेवारीत लिथुआनियाची राजधानी व्हिल्निअसमध्ये सोव्हिएत सैन्याने निःशस्त्र लोकांवर गोळ्या चालवल्या, फेब्रुवारीत आइसलँडने लिथुआनियाला सगळ्यात आधी मान्यता दिली. वॉशिंग्टन मात्र सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना सांभाळत बसलं होतं, पन्नास वर्षं नकार धरून बसलेला देश ऐन वेळी रेंगाळला हे मला तरी विचित्र वाटतं. गोर्बाचेव्हना हटवण्यासाठी मॉस्कोत झालेला ऑगस्टचा उठाव फसल्यावर २ सप्टेंबरला बुश यांनी तिन्ही देशांशी राजनैतिक संबंध सुरू करत असल्याची घोषणा केली. सहा तारखेला मॉस्कोने मान्यता दिली, १७ ला तिन्ही देश संयुक्त राष्ट्रांत. फायदा असा झाला की त्यांना नवीन देश म्हणून जन्म घ्यावा लागला नाही, १९४० मध्ये तुटलेला धागा तिथूनच पुढे सुरू झाला.

२०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १०० देश विरोधातल्या ठरावाच्या बाजूने, ११ विरुद्ध, ५८ तटस्थ, त्यात भारतही. २५ जुलै २०१८ ला अमेरिकेने क्रिमियाबद्दल जाहीरनामा काढला आणि त्यात १९४० च्या वेल्स निवेदनाचं नाव घेऊन तीच भूमिका मांडली. आठ महिन्यांनी, २५ मार्च २०१९ ला, त्याच सरकारने सीरियाच्या गोलान टेकड्यांवर इस्रायलचं सार्वभौमत्व मान्य केलं. गोलानचं विलीनीकरण रद्दबातल आहे असं म्हणणारा सुरक्षा परिषदेचा ठराव १९८१ मध्ये एकमताने झाला होता, आणि त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत अमेरिकाही होती.