लंडनमधला हा पब की गिरगावातली चाळ? | द जॉर्ज इन

नमस्कार मंडळी! तर आत्ता मी उभा आहे लंडनमध्ये, साउथवर्क भागात, लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडलं की चालत पाचेक मिनिटं, बरो हाय स्ट्रीट नावाचा रस्ता आहे त्याच्या आतल्या बोळात. आणि माझ्या मागे जे दिसतंय ते... थांबा, मीच मध्ये येतोय, जरा सरकतो. हां. आता दिसलं? काय आठवलं बघून?

चाळ! लाकडी गॅलरी, गॅलरीला कठडा, कठड्यामागे ओळीने खोल्या. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणते, "अरे, साड्या वाळत घालायच्याच राहिल्यात काय त्या."

तर ही चाळ नाही, हा आहे द जॉर्ज. आज पब आहे, पण बांधताना निव्वळ पब म्हणून बांधलेलाच नाही, आणि ते एकदा लक्षात आलं की ही इमारत अशी का दिसते ते आपोआप कळतं. हे होतं कोचिंग इन. कोचिंग म्हणजे दहावी-बारावीचे क्लासेस नव्हे हां, कोच म्हणजे घोड्यांची मोठी गाडी. म्हणजे आपल्या भाषेत एसटी स्टँड, लॉज, खानावळ आणि तबेला, सगळं एका आवारात.

आता इथेच का? तर इथून थोडं पुढे गेलं की लंडन ब्रिज. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल होईपर्यंत लंडनहून थेम्स पलीकडे जायला पूल म्हणून हा एवढाच, बाकी मग होडी. म्हणजे दक्षिणेकडून जो कोणी लंडनला येणार तो याच रस्त्याने येणार, आणि रात्री पुलाचे दरवाजे बंद, मग मुक्काम इथेच ठोकायचा. म्हणून या एका रस्त्यावर अशा इन्सची रांगच होती. जॉन स्टो नावाच्या माणसाने १५९८ मध्ये लंडनचं वर्णन लिहून ठेवलंय त्यात इथल्या इन्सची यादी आहे, आणि जॉर्जचं नाव त्यात आहे.

बरं आता गॅलरीकडे या, कारण खरी मजा तिथे आहे. इथले प्लॉट कसे, तर रस्त्यावर तोंड चिंचोळं आणि आत लांबच्या लांब, कारण रस्त्यालगतची जागा तेव्हाही महागच. मग करायचं काय? समोर एक मोठा दरवाजा, गाडी घोड्यांसकट आत जाईल एवढा, आत चौक, आणि चौकाच्या कडेने खोल्या. पण खोल्या आहेत म्हणजे पॅसेज हवा, आणि पॅसेज घराच्या आत काढला तर आधीच अरुंद असलेल्या इमारतीत खोली उरणार किती? म्हणून पॅसेजच घराबाहेर टांगला. तीच ही गॅलरी. आपल्या चाळवाल्यांनी पण हेच केलं ना, जागा वाचवायची तर येण्याजाण्याची वाट बाहेर काढा. कोणी कोणाचं बघून केलं असं मी म्हणत नाहीये हां, अडचण सारखी म्हणून उत्तर सारखं, एवढंच.

आणि गॅलरीचा दुसरा फायदा म्हणजे उभं राहून खालची गंमत बघता येते. गाडी आली का, घोडे जुंपले का, आपली ट्रंक नीट चढवली का. लंडनमध्ये कायमची थिएटरं उभी राहायच्या आधी अशा चौकांमध्ये नाटकं व्हायची, खाली उभे राहणारे आणि वर गॅलरीत ऐसपैस बघणारे. चाळीतल्या गणपतीचे कार्यक्रम ज्याने दुसऱ्या मजल्यावरून बघितलेत त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता शेक्सपिअर. इथे प्रत्येक दुसरा माणूस तुम्हाला सांगणार की शेक्सपिअर इथे बसून प्यायचा. अहो, साधा हिशोब करा! १६७६ मध्ये साउथवर्कला मोठी आग लागली, शेकडो घरं गेली, जॉर्जही जळालं, आणि आत्ता दिसतंय ते १६७७ मध्ये पुन्हा उभं केलेलं. शेक्सपिअर गेला १६१६ मध्ये. म्हणजे ही इमारत उभी राहिली तेव्हा त्याला जाऊन ६१ वर्षं झाली होती. जुन्या जॉर्जमध्ये आला असेलही कधी, त्याचं ग्लोब थिएटर इथून चालत जाण्याइतकं जवळ होतं, पण पुरावा काही नाही.

आत चला. छत बघा किती खाली आहे, आणि खालचा मजला म्हणजे एक मोठा हॉल नाहीच, एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या छोट्या छोट्या खोल्या. कुठे गाडीवान आणि प्रवासी गाडीची वाट बघत बसायचे, कुठे कॉफी रूम होती, आणि वरच्या झोपायच्या खोल्यांमध्ये आता जेवायची टेबलं लागतात. आणि हे भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ बघितलं? याला पार्लमेंट क्लॉक म्हणतात. १७९७ मध्ये पार्लमेंटने घड्याळांवर टॅक्स लावला, मग लोकांनी आपापली घड्याळं काढून टाकली आणि वेळ बघायला इनमध्ये यायला लागले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण अशी मोठी घड्याळं इन्समध्ये त्याआधीपासूनच होती. टॅक्स तर वर्षभरसुद्धा टिकला नाही, १७९८ मध्ये रद्द. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. मला विचाराल तर गाड्या सुटायच्या ठिकाणी मोठं घड्याळ लागणारच, स्टँडवर नसतं का?

मग हे सगळं संपलं कसं? रेल्वे. १८३६ मध्ये लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं, हळूहळू घोडागाड्यांचा धंदा बसला, आणि पुढे ही जागाच ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने विकत घेतली, मालाचा डेपो करायला. १८८९ मध्ये त्यांनी चौकाच्या दोन बाजू पाडल्या. त्याच वर्षी शेजारची व्हाइट हार्ट इन गेली, टॅबर्ड नावाची इन तर १८७० च्या दशकातच गेली होती. जॉर्जची ही एक दक्षिणेची बाजू तेवढी राहिली, आणि आज अख्ख्या लंडनमध्ये गॅलरीवालं कोचिंग इन उरलंय ते एवढंच. गंमत बघा, १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, हे दान कोणी दिलं? रेल्वेनेच! ग्रेट नॉर्दर्न ज्या मोठ्या कंपनीत विलीन झाली होती तिने.

आता ही इमारत ग्रेड वन लिस्टेड आहे. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींच्या तीन पायऱ्या आहेत, ग्रेड टू, मग टू स्टार, आणि सगळ्यात वर वन, ज्यात एकूण यादीतल्या साधारण अडीच टक्केच इमारती बसतात, त्यात बरीचशी चर्च आणि मोठमोठे वाडे. त्या रांगेत एक दारूचा गुत्ता! आणि लिस्टेड म्हणजे फक्त बाहेरचं तोंड सांभाळायचं असं नाही, आतला जिना, दारं, लाकडी पॅनेल सगळं आलं. मालक असलात तरी इमारतीचं रूप बदलेल असं काही करायचं तर आधी परवानगी, आणि न विचारता केलंत तर तो फौजदारी गुन्हा. आपल्याकडे वाड्याला रातोरात ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसतात, ते इथे केलंत तर कोर्टात उभं राहाल.

शेवटी एक दाखवतो, मग मी आत जाऊन बसणारे. कॅमेरा उलटा फिरवतो. ही समोरची बाजू, जिथे आता नवीन बांधकाम आहे, तिथेही अशीच गॅलरी होती, पाडायच्या आधीचे फोटो मिळतात, नक्की बघा. आणि इथून बाहेर रस्त्यावर गेलात तर बोळांच्या तोंडावरच्या पाट्या वाचत चला. किंग्ज हेड यार्ड. व्हाइट हार्ट यार्ड. टॅलबॉट यार्ड, म्हणजे ती टॅबर्डच, आगीनंतर नाव बदललेली. आत शिरलात तर ना गॅलरी ना चौक, कचऱ्याचे डबे ठेवलेले आणि डिलिव्हरीची व्हॅन उभी.