ढील आणि खेच

नमस्कार श्रोतेहो.

संक्रांतीला गच्चीवर आपण ओरडतो ना, 'ढील दे, ढील दे!' त्याच शब्दानं गेल्या डिसेंबरात माझी चांगलीच गंमत केली. तेव्हा मी गच्चीवर नव्हतो. साक्री तालुक्यात, जमिनीपासून ४० फुटांवर, एका काळ्या कातळाला पालीसारखा चिकटलेला होतो. प्रस्तरारोहण म्हणतात त्याला. शब्द उच्चारतानाच दम लागतो, म्हणून आम्ही आपलं क्लाइंबिंगच म्हणतो.

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागलं की काही ठिकाणी शेतांमधून काळ्या भिंती सरळ रेषेत पळताना दिसतात. कुणी राजानं बांधलेल्या नाहीत त्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळात, जमिनीच्या उभ्या भेगांमध्ये लाव्हारस शिरला आणि तिथंच थिजला. भोवतीचा मऊ खडक झिजून गेला, भिंत तेवढी उरली. भूगर्भशास्त्रात तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात त्या शेकड्यांनी आहेत आणि सगळ्यात लांब तर ७५ किलोमीटरच्याही वर जाते. आपण तिच्या सावलीत बैलगाडी सोडतो, डबा खातो आणि पुढं जातो.

आमच्यासारख्यांना ह्या भिंतींची एक सोय आहे. बऱ्याचशा पूर्व-पश्चिम धावतात, म्हणजे हिवाळ्यात उत्तरेची बाजू दिवसभर सावलीत. दक्षिणेच्या बाजूला अकरा वाजता हात लावून बघा, तवा परवडला.

आम्ही चौघं. सुनील, त्याची बायको मनीषावहिनी, शेजारचा गोटू आणि मी. आमच्यात खऱ्या अर्थानं शिकलेल्या एकट्या वहिनी. उत्तरकाशीला २८ दिवसांचा बेसिक कोर्स केलाय त्यांनी. त्या सोबत नसतील तर आम्ही दोराला हात लावत नाही, आणि तुम्हीही शिकलेल्या माणसाशिवाय लावू नका.

सहाला धुळं सोडलं तेव्हा दात वाजत होते. पोचल्यावर पहिली अर्धी टेकडी सोडूनच द्यावी लागली. वर कपारीखाली आग्या मोहोळ लटकलं होतं, सुपाएवढं. तिथून लांब सरकलो, आवाज न करता.

नव्या जागेचा दगड बघण्यासारखा होता. लाव्हा थिजताना आकसतो आणि त्याचे खांब होतात, तेही थंड होणाऱ्या बाजूला काटकोनात. भिंतच उभी, म्हणून खांब आडवे. त्यांची पाचकोनी, सहाकोनी तोंडं आपल्याकडे बघत असतात, सरपणाची थप्पी रचून ठेवावी तशी. चढायला शिडीच! पण थप्पीतलं एखादं लाकूड सैल असतं. म्हणून वहिनी प्रत्येक दगड मुठीनं वाजवून बघतात. बाजारात बाई मडकं वाजवून घेते ना, अगदी तसं. खणखणला तर धरायचा, बद्द वाजला तर सोडायचा.

वहिनी मागच्या वाटेनं माथ्यावर गेल्या. दोन वेगवेगळ्या धोंड्यांना पट्टे बांधले आणि भेगेत एक स्प्रिंगचं अवजार बसवलं. ओढ पडली की ते भेगेत आणखी घट्ट होतं. त्याचं नाव फ्रेंड! १९७८ पासून ह्याच नावानं विकलं गेलं. दोर वरून ओवून दोन्ही टोकं खाली आली. एक माझ्या कमरेच्या हार्नेसला, इंग्रजी आठच्या आकाराच्या गाठीनं. दुसरं सुनीलच्या हातात, मी वर जाईन तसा तो दोर खेचून घेणार. हा सुनील म्हणजे कॉलेजात माझ्याकडून ५०० रुपये घेऊन अजून न दिलेला माणूस. दोर बांधताना ते नेमकं आठवलं.

आठेक फुटांवर गेलो आणि पाय सटकला. दोर ताणलेला होता, सुनीलनं हातही सोडला नव्हता, तरी मी धपकन मातीत बसलो! चिडलो त्याच्यावर. वहिनींनी वरून हिशोब सांगितला. हा दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो, नाहीतर झटक्यानं कंबर मोडेल. ५० फुटांची भिंत, म्हणजे मी पायथ्याशी असताना वर जाऊन खाली आलेला जवळजवळ १०० फूट दोर. माणसाच्या वजनानं तो शेकडा सात-आठ ताणला तरी सात-आठ फूट झाले. म्हणजे खरी भीती खालीच. वर जावं तसा मधला दोर कमी होतो, ताणही कमी. मी इतकी वर्षं उलटंच समजत होतो. पुढच्या वेळी सुनीलनं सुरुवातीलाच दोर असा आवळला की मला चवड्यांवरच उभं केलं.

आता ढीलेची गोष्ट. ४० फुटांवर पोचलो. वारा सुटला होता. तिकडे पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. पोटासमोर दोराचा झोल पडलेला दिसला. मी ओरडलो, "ढील नको!" वाऱ्यानं 'नको' तेवढं उचलून नेलं. खाली पोचलं 'ढील'. सुनीलनं प्रामाणिकपणे आणखी दोर सोडला. झोल माझ्या गुडघ्यापर्यंत आला. मी जिवाच्या आकांतानं, "ढील नको, ढील नको!" तो आणखी सोडतोय! उजवा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. शेवटी तोंडातून निघालं, "खेच रे!" झोल सर्रकन गेला. वर पोचल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ढील पाहिजे असेल तेव्हाच ढील म्हणायचं. नको असेल तर तो शब्दच तोंडात आणायचा नाही."

मी धापा टाकत माथ्यावर बसलो, तर शेजारी एक म्हातारे बाबा बिडी ओढत बसलेले. म्हशी खाली चरत होत्या. कधीपासून बघत होते कोण जाणे. म्हणाले, "वर येवाले मांगून वाट शे ना रे भो!"

मग त्यांच्यासोबतच कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा झाला. त्यांची नजर सारखी दोरावर. आमचा दोर दहा वर्षांचा होत आलेला, वापरला नाही तरी तेवढ्या वयाला बाद करायचाच असतो. जानेवारीत त्यातला १५ हात तुकडा त्यांना नेऊन दिला. मार्चमध्ये पुन्हा गेलो तर दोर खुंटीला टांगलेला आणि म्हशीच्या गळ्यात जुनंच दावं. विचारलं, काय झालं बाबा?

"दोर भारी शे," बाबा म्हणाले, "पन म्हैस ताणी ताणी शेजारना हरभरापावत पोचस!"