चाटी गल्लीतल्या चोपड्या

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूर म्हटलं की चादर आठवते. पण मधल्या मारुतीजवळच्या चाटी गल्लीत एखाद्या जुन्या दुकानात जा आणि तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तुमच्या आजोबांच्या काळी इथे काय खपायचं? ते चादर म्हणणार नाहीत, लुगडं म्हणतील. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. गल्लीच त्यांच्या नावाची.

ही लुगडी विणली शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांनी. तेलंगणातून ही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिली. घरात माग, मागावर पुरुष, कांड्या भरायला बायका-मुलं. आजही तिथे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी चालते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो.

१८७७ साली 'जुनी मिल' चालू झाली, पण तिच्यामुळे हातमाग लगेच बुडाला नाही. गिरण्यांचं सूत विणकराला सोपं पडलं. सावकार सूत उधार द्यायचा, विणलेलं लुगडं उचलायचा आणि मजुरीतून उचल वळती करून घ्यायचा. घरातलं लग्न, आजारपण, सणाचा खर्च, सगळं त्या खात्यात येऊन बसायचं. गिरणीचा इतिहास सरकारी कागदांत सापडतो. विणकराचा इतिहास शोधायचा, तर मला दुकानदाराच्या चोपडीपेक्षा, म्हणजे हिशेबाच्या वहीपेक्षा, मोलाचा कागद दिसत नाही. आणि तीच आज रद्दीत जाते आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे नऊवारी मागे पडली, तशी लुगड्यांची मागणी आटली आणि माग चादरीकडे वळले. इथे जेकार्ड, म्हणजे नक्षी विणण्यासाठी मागावर बसवायचं यंत्र, कामी आलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. म्हणजे नक्षी छापलेली नसते, विणीतच उतरते. खरी सोलापुरी चादर उलटी करून बघा, तीच नक्षी रंग पालटून दिसेल. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेर विणलेला माल तिच्या नावावर विकला जातोच. म्हणून ही खूण लक्षात ठेवा.

नक्षी बंद पडली की तिचे पुठ्ठेही माळ्यावर जातात, मग भंगारात. श्रोतेहो, तुमच्या गावात, मग ते सोलापूर असो, येवला असो की इचलकरंजी, असं जुनं कापड दुकान असेल, तर एकदा वेळ काढून जा. पाटीचा फोटो घ्या. जुनी बिलबुकं, चोपड्या आहेत का ते विचारा. मालकांसमोर फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या: सूत कुठून यायचं, रंग कोण चढवायचं, माल कुठल्या बाजाराला जायचा, उधारी किती महिन्यांची असायची, आणि शेवटचा हातमागाचा ताका कोणाच्या घरून आला होता.